माटोळी म्हटलं की झुंबर येतं

चवथीच्या, म्हणजे गोव्यातल्या गणेश चतुर्थीच्या, शुभेच्छांची चाळीस सेकंदांची उभी फिल्म, फोंड्यातल्या एका दुकानासाठी, मोबाइलवर फिरवायला. सहा शॉट ठरले: पावसातलं कौलारू घर, माटोळीचा (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीचा) बाजार, माटोळी बांधणारे हात, चौरंगावरचा गणपती, हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्यांची वाफ आणि घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती. काम हातात आलं उन्हाळ्यात. माटोळीचा बाजार भरतो चवथीच्या तोंडावर, हळदीची पानं मिळतात पावसाळ्यात. कॅमेरा घेऊन जाण्याजोगं समोर काहीच नव्हतं, म्हणून एआय व्हिडिओ: शब्दांत सांगायचं आणि एआय मॉडेलने दृश्य रचायचं. त्या सहा शॉटांसाठी प्रॉम्प्ट, म्हणजे मॉडेलला द्यायच्या लेखी सूचना, कसे लिहिले, कुठे फसले आणि का फसले, ते इथे मांडतो आहोत.

सुरुवात सगळे करतात तशीच झाली. ‘गोव्यातली गणेश चतुर्थी, पारंपरिक घर, माटोळी, भक्तिमय वातावरण, सिनेमॅटिक, ८के, अतिशय सुंदर.’ उत्तरादाखल आलं ते असं: मागे समुद्र आणि माड, सोनेरी चकाकणारी मूर्ती, गुलाल उधळणारी गर्दी आणि छताला फळांचं एक गोल झुंबर. प्रत्येक चूक एकेका नावामुळे आलेली. ‘गोवा’ या शब्दाखाली जगभरात जी चित्रं साठली आहेत ती किनाऱ्याची आहेत. ‘गणेश चतुर्थी’खाली मुंबई-पुण्याच्या मिरवणुका. ‘माटोळी’ हा शब्द मॉडेलला बहुधा भेटलेलाच नाही, मग ‘टांगलेली फळं’ एवढ्या अर्थाशी जे सर्वांत जवळचं आणि वारंवार पाहिलेलं होतं ते त्याने दिलं. आपण न सांगितलेली जागा मॉडेल रिकामी ठेवत नाही, सर्वांत सामान्य गोष्टीने भरून टाकतं. तेव्हापासून एक नियम धरला: नाव गाळायचं, आकार लिहायचा.

‘गोवा’ काढला आणि अर्धे माड आपोआप गेले. ‘पोर्तुगीज घर’ असं लिहिलं तर लिस्बनची निळी टाइल भिंतीवर येते. त्यापेक्षा ‘चिऱ्याच्या लालसर दगडाचं बैठं घर, पिवळट गिलावा, खिडक्यांभोवती पांढऱ्या पट्ट्या, उतरतं मंगलोरी कौलांचं छप्पर, पुढे तुळशीवृंदावन’ असं लिहिलं की घर ओळखीचं वाटतं. देवळाचंही तेच. ‘भारतीय मंदिर’ म्हटलं की दक्षिणेतलं गोपूर नाही तर उत्तरेतलं शिखर उभं राहतं. मंगेशी किंवा शांतादुर्गेसारखं देऊळ हवं असेल तर ‘अष्टकोनी बैठकीवर घुमट, खाली कौलारू उतरती छपरं, अंगणात पांढरी मजल्यामजल्याची दीपमाळ, प्रत्येक मजल्याला कमानींचे कोनाडे’ असं तोडून सांगावं लागतं. दीपमाळेचे मजले मात्र मोजून मागू नयेत. दोन किंवा तीन वस्तू मॉडेल नीट मोजतं, सात म्हटलं की पाचही येतात आणि नऊही. फूट-इंचही व्यर्थ. ‘चार फूट लांब’ याला अर्थ नाही, ‘माणसाच्या दोन्ही हातांच्या पसाऱ्याएवढं’ याला आहे.

विशेषणांच्या माळा का चालत नाहीत, हे मॉडेल शिकतं कसं ते पाहिलं की कळतं. ओपनएआयने फेब्रुवारी २०२४ मध्ये सोरा या आपल्या व्हिडिओ मॉडेलची तांत्रिक माहिती दिली. त्यात त्यांनी म्हटलं होतं की शिकवणीच्या व्हिडिओंना आधी एका वेगळ्या मॉडेलकडून सविस्तर वर्णनं लिहून घेतली. म्हणजे मॉडेलने जे वाचलं ते ‘एक बाई उंबऱ्यावर बसली आहे, डावीकडून उजेड येतो आहे’ अशा धाटणीचं. ‘मास्टरपीस’, ‘भक्तिमय’, ‘अप्रतिम’ या शब्दांना चित्रात पकडायला काही नाही. भक्तिमय म्हणजे तुम्हाला नक्की काय दिसतं? समईचा पिवळा उजेड एका बाजूने, उदबत्तीचा धूर, मिटलेले डोळे, बाकी खोली अंधारी. तेवढं लिहा, ‘भक्तिमय’ खोडा.

प्रॉम्प्ट आम्ही इंग्रजीत देतो, कारण शिकवणीतली वर्णनं बहुतांशी इंग्रजीत असतात. मराठीत दिलेला प्रॉम्प्टही आता बऱ्यापैकी चालतो, पण बारकावे गळतात. इथे मात्र सगळे प्रॉम्प्ट मराठीतच सांगतो. भाषांतर करताना एक गंमत होते. आपल्याकडे ‘पागोळ्या’ हा एकच शब्द पुरतो. इंग्रजीत त्यासाठी ‘कौलांच्या कडेवरून ओळीने गळणाऱ्या पाण्याच्या बारीक धारा’ असं पूर्ण वाक्य खर्चावं लागतं. शब्दाच्या आत झाकलेला आकार त्या निमित्ताने उघडा होतो.

पहिल्या शॉटचा शेवटी ठरलेला प्रॉम्प्ट असा: ‘स्थिर कॅमेरा, डोळ्यांच्या उंचीवर, थोडा रुंद कोन. चिऱ्याचं बैठं घर, मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर, पुढे मातीच्या अंगणात रंगवलेलं तुळशीवृंदावन. कौलांच्या कडेवरून पाण्याच्या बारीक धारा ओळीने गळत आहेत, खाली साचलेल्या पाण्यात वर्तुळं उठत आहेत. साधी सुती साडी नेसलेली पन्नाशीची बाई दारातून बाहेर येते, पायरीवर थांबते, आकाशाकडे बघते. ढगाळ सकाळ, मऊ राखाडी उजेड, कुठेही ठळक सावली नाही, ओल्या पानांचा गडद हिरवा रंग. सामान्य वेग. आवाज: कौलांवरचा पाऊस, दूर कोंबडा.’ इंग्रजीत हे साधारण ऐंशी-नव्वद शब्द होतात. साठ ते शंभर शब्द ही आमची मर्यादा. त्याखाली गेलं तर मॉडेल स्वतःच्या मनाचं घालतं, फार वर गेलं तर शेवटची वाक्यं हवेत विरतात. म्हणूनच क्रम असा ठेवला आहे: चौकट आणि कॅमेरा आधी, मग विषय, मग हालचाल, मग उजेड, शेवटी आवाज. जे चुकलं तर शॉट फुकट जाईल ते पुढे.

त्या प्रॉम्प्टमधल्या एकेका तुकड्यामागे एकेक वाया गेलेला टेक आहे. ‘पाऊस पडतो आहे’ एवढंच लिहिलं तेव्हा पडद्यावर उभ्या रेघा ओढल्यासारखा पाऊस आला आणि अंगण कोरडं. पाऊस दिसतो तो त्याच्या परिणामांतून, म्हणून पागोळ्या आणि डबक्यातली वर्तुळं. ‘सामान्य वेग’ लिहिलं नाही तर कितीतरी मॉडेलं सगळं संथ गतीत दाखवतात, बाई पाण्याखाली चालल्यासारखी दारातून येते. ‘ठळक सावली नाही’ लिहिण्याचं कारण म्हणजे पाऊस असूनही मागून सोनेरी ऊन हटकून येतं. मॉडेलने पाहिलेल्या सुंदर व्हिडिओंत संध्याकाळचं ऊन फार आहे. आषाढ-श्रावणातला राखाडी उजेड त्याच्याकडून ओढून काढावा लागतो. साडीला ‘नऊवारी’ म्हटलं की लावणीच्या थाटाची जरीची साडी येते, म्हणून ‘साधी सुती’.

आता नकाराबद्दल. वरच्या प्रॉम्प्टमध्ये ‘सावली नाही’ असं एक नकारार्थी वाक्य आहे. ते चाललं, कारण त्याच्या आधी ‘मऊ राखाडी उजेड’ हा होकार आहे. नुसता नकार बहुतेक वेळा उलटतो. ‘गुलाल नको’ लिहिलं की गुलाल हमखास येतो. व्हिडिओचं वर्णन करणारा माणूस किंवा मॉडेल त्यात काय आहे ते लिहितो, काय नाही ते लिहीत नाही. त्यामुळे ‘गुलाल’ शब्द आणि गुलालाचं चित्र यांची जोडी पक्की असते, ‘नको’ मात्र कशाशीच नीट जोडलेलं नसतं. काही सेवांमध्ये नकोशा गोष्टींसाठी वेगळा रकाना असतो. तिथे ‘नको’ न लिहिता फक्त नामं लिहायची: गुलाल, समुद्र, माड, अक्षरं, सोनेरी ऊन. हा रकाना वेगळ्या यंत्रणेने चालतो. प्रत्येक पायरीवर मॉडेल दोनदा अंदाज बांधतं, एक प्रॉम्प्ट धरून आणि एक या रकान्यातले शब्द धरून, आणि दुसऱ्यापासून दूर सरकतं. घरच्या यंत्रावर वेगवान केलेलं मॉडेल चालवून गायडन्सचा (प्रॉम्प्ट किती कडक पाळायचा ते ठरवणारा) आकडा १ वर ठेवला, तर हा दुसरा अंदाज बांधलाच जात नाही आणि रकान्यात काहीही लिहा, फरक पडत नाही. नकारांचा रकाना काम करत नाही अशी तक्रार ऐकू आली तर आधी तो आकडा बघावा.

दुसरा शॉट, माटोळीचा बाजार, दिसायला सोपा आणि करायला कटकटीचा. गर्दीतली मागची तोंडं वितळतात. चौकटीत प्रत्येक चेहऱ्याच्या वाट्याला फार थोडे ठिपके येतात, त्यातून मॉडेल चेहरा नुसता सुचवतं आणि पुढच्या फ्रेममध्ये वेगळा सुचवतं. उपाय पावसाळ्यानेच दिला: छत्र्या. ‘काळ्या छत्र्यांच्या गर्दीच्या मागून, खांद्याच्या उंचीवरून, लक्ष पुढच्या फळांच्या ढिगावर, मागची माणसं धूसर’ असं लिहिलं आणि चेहऱ्यांचा प्रश्नच मिटला. दुकानांच्या पाट्यांवर देवनागरीसारखं दिसणारं काहीतरी उमटत होतं, मराठी वाचणाऱ्याच्या डोळ्यांत ते पहिल्याच क्षणी खुपतं. ‘फलक’ हा शब्दच काढून टाकला आणि मागे निळं ताडपत्रीचं छत लिहिलं. जी काही अक्षरं हवीत ती संपादनात घालावीत, मॉडेलकडून देवनागरी लिहवून घेण्याच्या भानगडीत पडू नये.

माटोळी हा या कामाचा गाभा, वेळही तिच्यावरच सर्वांत जास्त गेला. माहीत नसणाऱ्यासाठी: गणपतीच्या वर छताला आडवी टांगलेली लाकडी चौकट, तिला आडव्या-उभ्या पट्ट्या, आणि पट्ट्यांना रानातली-बागेतली हंगामी फळं, भाज्या, शेंगा आणि आंब्याचे टाळे बांधलेले. पहिल्या झुंबरानंतर ‘आयताकृती लाकडी चौकट’ असं लिहिलं. चौकट आली, पण भिंतीवरच्या फोटोसारखी उभी. मग ‘छताला समांतर’ जोडलं. तरीही दहातल्या सहा-सात टेकमध्ये ती एका बाजूने कलायची. शब्द वाढवून सुटत नाही म्हटल्यावर कॅमेरा हलवला: ‘जमिनीवरून सरळ वर बघणारा कॅमेरा’. खालून पाहिलं की छताला समांतर चौकट हाच एकमेव सोयीचा आकार उरतो. एखादी वस्तू वर्णनाने जमत नसेल तर ती ज्या कोनातून चुकीची दिसूच शकत नाही तो कोन शोधावा, हा आमच्या वहीतला सर्वांत कामाचा शेरा.

फळांचीही नावं गाळली. कांगणां म्हणजे ‘छोट्या पिवळ्या-नारिंगी फळांचे लोंबते घोस’, कवंडळ म्हणजे ‘लिंबाएवढी गोल लाल फळं’, घागऱ्यो म्हणजे ‘फुगीर हिरव्या शेंगांचे झुपके’. सुपारीचं शिपटं (घड) आणि नारळ मॉडेलला ठाऊक आहेत. सगळ्या वस्तू एकदम सांगितल्या तर त्या एकमेकींत मिसळतात आणि दुधी भोपळ्याला कांगण्यांचे घोस फुटतात. म्हणून एका शॉटमध्ये चार वस्तू, बाकीच्यांसाठी ‘मधूनमधून हिरवी पानं’. चार स्पष्ट दिसल्या की डोळा उरलेल्या गृहीत धरतो.

माटोळी बांधणारे हात मात्र जमले नाहीत, निदान आम्ही मागितले तसे नाहीत. गाठ मारणं ही मॉडेलसाठी अवघडातली अवघड क्रिया आहे. दोरी बोटांतून आरपार जाते, गाठ बसण्याआधीच बसलेली दिसते, सहावं बोट उगवतं. कारण उघड आहे. गाठीत प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीवर अवलंबून असते आणि बोटं सतत एकमेकांना झाकतात. मॉडेलला झाकलेल्या बोटाची आठवण कच्ची. त्यात भर म्हणजे काळ दाबून साठवण्याची पद्धत. अलीबाबाच्या वान २.१ या खुल्या मॉडेलमध्ये चार-चार फ्रेमांचा एक गठ्ठा होतो आणि पहिली फ्रेम वेगळी राहते. म्हणूनच तिथे फ्रेमसंख्या ८१ सारखी, चारच्या पाढ्यात एक मिळवून येणारी, द्यावी लागते. सेकंदाला १६ फ्रेम या हिशेबाने ते पाच सेकंद होतात. बोटांची झटपट हालचाल अशा गठ्ठ्यात पुसट होऊन जाते.

तेव्हा क्रिया बदलली. अर्थ तोच ठेवून सोपी क्रिया शोधायची: हात वर येतो, आधीच बांधलेला घोस नीट सारखा करतो, सोडतो, घोस हलकेच झुलतो. प्रेक्षक मनात ‘बांधून झालं’ असंच म्हणतो. इथे नुसत्या शब्दांऐवजी फोटोपासून व्हिडिओ ही वाट घेतली. आदल्या वर्षीच्या एका माटोळीच्या फोटोत हात घोसाला लागलेला होता, तीच पहिली फ्रेम दिली.

फोटोपासून व्हिडिओ करताना प्रॉम्प्टची जातच बदलते, आणि नवशिक्यांचं सर्वाधिक इथे चुकतं. फोटोत काय आहे ते परत लिहायचं नाही. ते मॉडेलला दिसतं आहे. फोटोतला शर्ट फिकट निळा आणि तुम्ही ‘निळा शर्ट’ लिहिलंत, की दुसऱ्या सेकंदाला शर्ट गडद होऊ लागतो, कारण मॉडेल चित्र आणि शब्द यांच्यामध्ये तडजोड करत बसतं. लिहायची ती फक्त हालचाल: ‘हात घोस सोडतो आणि खाली चौकटीबाहेर जातो. घोस दोनदा हलकेच झुलतो. पानं वाऱ्याने जराशी हलतात. कॅमेरा स्थिर.’ बस्स. हालचाल अजिबात लिहिली नाही तर फोटो गोठून राहतो आणि मॉडेल कॅमेराच पुढे सरकवत राहतं. फोटो निवडतानाही पथ्यं आहेत. तो आधीच उभ्या ९:१६ मापात कापलेला असावा, नाहीतर कडा मॉडेल स्वतः रचतं. हललेला, धूसर फोटो नको, कारण तो धूसरपणा पुढच्या प्रत्येक फ्रेममध्ये उतरतो. आणि ज्या हाताने काम करायचं तो चौकटीत पूर्ण दिसायला हवा. फोटोत नसलेला हात बाहेरून आत आणायला सांगितलं की तो कोणाचाही असू शकतो. लहान मुलांचे फोटो पहिली फ्रेम म्हणून दिले तर बऱ्याच सेवा सरळ नकार देतात, तो विचार आधीच सोडलेला बरा.

गणपतीच्या शॉटला हीच पद्धत, खऱ्या मातीच्या मूर्तीचा फोटो. प्रॉम्प्ट लिहिला: ‘समईची ज्योत हलते, उदबत्तीचा धूर वर जातो, कॅमेरा अगदी हळू पुढे सरकतो.’ ज्योत सुरेख हलली, धूरही. आणि तिसऱ्या सेकंदाला मूर्तीने डोळे मिचकावले. मॉडेलला चेहरा दिसला की तो जिवंत आहे असंच ते धरून चालतं. ‘चिकणमातीची मूर्ती, दगडासारखी पूर्ण स्थिर’ असं जोडल्यावर डोळे थांबले, पण एका टेकमध्ये सोंड किंचित हललीच. शेवटी संपादनात मार्ग काढला. कॅमेरा स्थिर ठेवून क्लिप घेतली, तिच्यावर मूळ फोटोतली मूर्ती कापून बसवली, आणि मॉडेलची फक्त ज्योत, धूर आणि भिंतीवरचा हलता उजेड ठेवला. पुढे सरकण्याचा भास संपादनात चौकट हळूहळू मोठी करून दिला. देवाचा चेहरा मॉडेलच्या हाती देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत झालं आहे. चार हातांचे पाच झाले तर माटोळीतल्या चुकीवर हसतात तसं त्यावर कोणी हसणार नाही.

पातोळ्या दुसऱ्याच टेकला झाल्या. हळदीच्या पानाचं केळीचं पान होऊ नये म्हणून ‘लांबट, टोकदार, शिरा उठून दिसणारं हिरवं पान, मध्ये घडी घातलेलं, आत तांदळाच्या पिठाचा पांढरा थर’ असं लिहिलं. वाफ, धूर, पाणी, कापड, ज्योत या गोष्टी मॉडेलला फार चांगल्या येतात. शॉट ठरवताना असे दोन-तीन जाणूनबुजून घालावेत.

घुमटाने पुन्हा घाम काढला. ‘घुमट’ लिहिलं तर इमारतीचा घुमट येतो, आणि ‘मातीचं वाद्य’ म्हटलं तर घटम् किंवा तबला. गोवा सरकारने २०१९ मध्ये ज्याला वारसा वाद्य ठरवलं त्याचा आकार मॉडेलला असा सांगावा लागतो: ‘दोन्ही बाजूंनी उघडं मातीचं मडकं, मोठ्या तोंडावर ताणलेलं कातडं, छोटं तोंड मोकळं, वादकाच्या कमरेशी आडवं धरलेलं. उजवा पंजा कातड्यावर थाप मारतो, डावा पंजा छोट्या तोंडावर उघडमीट करतो.’ इतकं लिहूनही दोन्ही हात कातड्याकडे धावत होते. दोन हातांची दोन वेगळी कामं एका वाक्यात टिकत नाहीत. म्हणून दोन क्लिपा केल्या, एकीत चौकट इतकी जवळची की फक्त उजवा पंजा आणि कातडं, दुसरीत फक्त डावा पंजा आणि मोकळं तोंड. संपादनात एकाआड एक लावल्या, प्रत्येकी दीड सेकंद.

आवाज मॉडेलकडून घेतला नाही. गुगलने मे २०२५ मध्ये आणलेल्या व्हिओ ३ या व्हिडिओ मॉडेलपासून चित्राबरोबर आवाजही मिळू लागला, आणि पाऊस, पावलं, भांड्यांचा खणखणाट यांसाठी ही सोय उत्तम आहे. पण घुमट, शामेळ आणि कांसाळें या गोव्यातल्या वाद्यांवरची आरती म्हणजे कोणत्याही मॉडेलला ‘भारतीय तालवाद्य’ एवढंच कळतं. कुणा आरती पथकाच्या तालमीत जाऊन, परवानगी घेऊन, मोबाइलवर एक मिनिट ध्वनिमुद्रण केलं तर काम भागतं. चित्रातली थाप आणि आवाजातली थाप जुळणार नाही, म्हणून कट थापेवर न मारता दोन थापांच्या मध्ये मारावा. न जुळणं तेवढ्याने लपतं.

फिल्ममध्ये एक संवादही होता. पायरीवरची बाई आत वळून म्हणते, ‘पाऊस थांबला गो, चला बाजारात!’ संवादाबाबत तीन गोष्टी पक्क्या. एक, संवाद देवनागरीत लिहावा. रोमन लिपीत लिहिलं की उच्चार इंग्रजी वळणाचे होतात. दोन, आठ सेकंदांच्या क्लिपमध्ये बारा-पंधरा मराठी शब्दांपेक्षा जास्त कोंबू नयेत, नाहीतर बाई गाडी चुकल्यासारखी बोलते. तीन, काही मॉडेलं अवतरणचिन्हांतलं वाक्य पडद्यावर मोडक्या अक्षरांत छापतात. त्याऐवजी ‘बाई म्हणते:’ असं लिहून पुढे वाक्य ठेवलं की हा त्रास बराच कमी होतो. तरीही हेल हिंदीचा येतोच. आम्ही तो संवाद ओळखीच्या बाईंकडून बोलवून घेतला आणि चित्रातली बाई पाठमोरी वळवली.

एकाच बाईला दोन शॉटमध्ये दाखवायचं असेल तर तिचं वर्णन शब्दन् शब्द तेच चिकटवावं. पहिल्यात ‘पन्नाशीची बाई, फिकट हिरवी सुती साडी, पांढऱ्या फुलांची वेणी’ आणि दुसऱ्यात ‘मध्यमवयीन महिला, हिरव्या साडीत’ असं लिहिलं तर ती दुसरीच बाई झाली. जिथे संदर्भचित्र देण्याची सोय आहे तिथे एकच चित्र सगळीकडे द्यावं. एका क्लिपची शेवटची फ्रेम घेऊन पुढची क्लिप करण्याची युक्ती एकदा चालते, दुसऱ्यांदा कशीबशी. तिसऱ्या वेळी रंग भडक आणि त्वचा मेणासारखी होते, कारण प्रत्येक फेरीतली बारीकशी बिघडलेली प्रत पुढच्या फेरीचा पाया होते.

टेक घेण्याची शिस्त वेळ वाचवते. आधी स्वस्त, कमी रेझोल्यूशनच्या पर्यायावर तीन टेक, प्रॉम्प्टला अजिबात हात न लावता. तिन्हींत एकच चूक असेल तर दोष प्रॉम्प्टचा आहे, शब्द बदलावा. तिन्ही वेगवेगळे चुकले असतील तर मॉडेल चाचपडतं आहे, क्रिया सोपी करावी किंवा फोटो द्यावा. दोन बरे आणि एक वाईट असेल तर प्रॉम्प्ट ठीक, पुढे जावं. सीड, म्हणजे मॉडेल ज्या आकड्यापासून सुरुवात करतं तो, धरून ठेवता येत असेल तर तो तसाच ठेवून एका वेळी एकच शब्द बदलावा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. मात्र रेझोल्यूशन बदललं की तोच सीड तेच चित्र देत नाही, त्यामुळे मसुद्यात आवडलेला टेक अंतिम प्रतीत हुबेहूब मिळेल अशी आशा धरू नये. वहीत चार रकाने पुरतात: प्रॉम्प्ट, सीड, काय बिघडलं, पुढे काय बदललं. शॉटमागे सरासरी पाच-सहा टेक लागले. माटोळीला त्याच्या तिप्पट.

कॅमेऱ्याची हालचाल एका क्लिपमध्ये एकच. ‘पुढे सरकत वर उचलला जातो आणि वळतो’ असं लिहिलं की घर वितळून शेजारच्या घरात मिसळतं. एकाच क्लिपमध्ये दोन क्रिया हव्याच असतील तर ‘पहिल्या तीन सेकंदांत ती बाहेर येते, त्यानंतर आकाशाकडे बघते’ असा काळ वाटून द्यावा. आठ सेकंदांत दोनपेक्षा जास्त क्रिया मागितल्या तर सगळ्या धावत-पळत होतात.

आठ सेकंदांच्या क्लिपमधले वापरले जातात तीन ते पाच. पहिला अर्धा सेकंद बहुधा गोठलेला असतो आणि शेवटच्या सेकंदात मॉडेल भरकटतं, ते दोन्ही कापावेत. मॉडेलच्या क्लिपा सेकंदाला २४ फ्रेमच्या आणि मोबाइलचं चित्रीकरण ३० चं असेल तर एकत्र लावल्यावर झटके जाणवतात. खरे तुकडे घ्यायचे असतील तर मोबाइल आधीच २४ वर ठेवावा. सगळ्या क्लिपांवर शेवटी जुन्या फिल्मसारखा एकच हलका दाणा आणि एकच रंगसंगती चढवली की वेगवेगळ्या मॉडेलांचे सांधे दिसेनासे होतात.

व्हिओच्या क्लिपांत सिंथआयडी नावाची डोळ्यांना न दिसणारी खूण असतेच. यूट्यूबवर चढवताना खऱ्यासारखी दिसणारी कृत्रिम दृश्यं असल्याचं वेगळं जाहीर करावं लागतं. आम्ही शेवटच्या चौकटीत, शुभेच्छांच्या खाली, ‘मूर्ती खरी, बाकी दृश्यं एआयने केलेली’ अशी ओळ टाकली. ती मात्र संपादनातच लिहिली.